गुडघ्याजवळची मेणबत्ती

फर्दिनांने तिसरी काडी ओढली तेव्हा कुठे मेणबत्ती पेटली. आधीच्या दोन काड्या वातीच्या बाजूने गेल्या आणि त्याच्या अंगठ्याला चटका देऊन विझल्या. "हल्लीच्या काड्यांत दमच राहिला नाही," तो करवादला. सुनेने मदतीला हात पुढे केला, तर त्याने तो झटकला. "पेटवतोय ना मी? दिसत नाही का तुला?"

ओदेतने हात मागे घेतला. तळघरात न्यायची मेणबत्ती सासऱ्यांशिवाय कोणी पेटवायची नाही, हा या घरचा कायदा होता. खरं तर अख्ख्या गल्लीचा.

द्राक्षांची खुडणी आटोपली होती. आता सरोवराकाठच्या या गावात घराघराखाली, लाकडी पिंपांत रस फसफसत होता आणि त्यातून निघणारी जड हवा जमिनीलगत साचत होती. ती दिसत नाही. माणूस खाली उतरतो, दोन-चार श्वास घेतो आणि गुडघे मोडून बसतो. मग उठत नाही. म्हणून आधी मेणबत्ती न्यायची, तीही गुडघ्याच्या उंचीवर धरून. ज्योत विझली की तसंच मागे फिरायचं आणि एकाने मात्र वर दारात उभं राहायचं. बापजाद्यांपासून चालत आलेली रीत.

गेल्या साली शेजारचे दोघे रोशा भाऊ फर्दिनांची वाट न बघताच उतरले. धाकटा पडला, त्याला ओढायला थोरला धावला. दोघांना एकाच दिवशी पुरलं. तेव्हापासून फर्दिनांकाकांनी 'जळतेय' म्हटल्याशिवाय गल्लीतलं कोणी आपल्या तळघराची पायरी उतरत नसे. आजही पलीकडे थोरल्या रोशाची बायको रिकामी बादली घेऊन दारात थांबली होती.

ओदेतला आजची सकाळ मुळीच आवडली नव्हती. इतके दिवस सरोवरावरून वारा येई आणि तळघराच्या झरोक्यांतून आरपार जाई. आज तो पडला होता. धुकं मळ्यांच्या दगडी बांधांपर्यंत चढून तिथेच बसलं होतं. झरोक्यातलं कोळिष्टकसुद्धा हलत नव्हतं.

"बाबा, आज राहू द्या ना," ती म्हणाली. "वारा सुटला की उतरा."

"तोवर कोपऱ्यातलं पिंप उतू जाईल. मग जमीन तू चाटणार का?"

तिचा नवरा लुक हसला. त्याच्या खांद्यावर रबरी नळी होती. बापाने हाक मारली की मागोमाग उतरायचं आणि पिंपातला रस थोडा काढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. "बाबा, एकदा खालीही वीज घेऊन टाकू या," तो म्हणाला. "अंगणापर्यंत आलीच आहे तार."

"वीज कशाला? तुझ्या आईचं थोबाड बघायचंय का मला तिथे? एकेक पिंप हाताने ओळखतो मी."

ते खोटं नव्हतं. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तो पिंपांवरून हात फिरवत चाले. पेल्यात वाइन ओतताना कडेला बोट बुडवून ठेवी. ओदेतला किळस येई, पण म्हाताऱ्याला बोलणार कोण? काल तर अंगणात त्याने तिलाच 'या पोस्टमनसाहेब' म्हणून हाक मारली होती. सगळे पोट धरून हसले. तोही हसला, जरा उशिराने.

आता वळताना त्याचा पाय बादलीला लागला. "वाटेत बादल्या ठेवता? दिसत नाही का तुम्हाला?" असं खेकसत त्याने भिंत धरली, मेणबत्ती गुडघ्याशी नेली आणि तो पायऱ्या उतरू लागला.

ओदेत दारात उभी राहिली. सासऱ्यांचा नव्हे, तिला नवऱ्याचा घोर होता. पोटातलं बाळ अजून कोणाला सांगितलंही नव्हतं. खाली जिना वळत होता. म्हातारा वळणापलीकडे गेला आणि मागे भिंतीवर फक्त पिवळा उजेड राहिला. तो उजेड आहे तोवर सगळं ठीक आहे, असं तिने मनाला बजावलं.

लुकची नळी दाराच्या कडीत अडकली. ती सोडवायला ओदेत वाकली. तेवढ्यात खालून ओळखीची आरोळी आली.

"जळतेय! ये रे लुक!"

गल्लीनेही ती ऐकली. पलीकडे रोशाच्या बायकोने आपल्या तळघराची कडी काढली. लुक भराभर पायऱ्या उतरू लागला. नळी सुटली, ओदेतने मान वर केली आणि वळणावरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंत दिसतच नव्हती.

तिने धावत जाऊन लुकची कॉलर अशी ओढली की तो पायरीवर बसलाच. "बाबा, वर या!" ती किंचाळली. "विझलीय ती! बाबा, विझलीय!"

"विझलीय म्हणे! दिसत नाही का तुला?" खालच्या मिट्ट काळोखातून म्हाताऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला. "चांगली जळतेय की माझ्या हातात!"