पदर लागला

पूलच्या टेबलावर पांढरा आणि काळा, एवढेच चेंडू उरले होते. काळा पॉकेटमध्ये गेला की जिमखान्याची ढाल साठीच्या कर्णिकबाईंची. खोचलेला पदर सावरत त्या नेम धरायला वाकल्या आणि लगेच सरळ झाल्या.

"फाउल. पदर लागला चेंडूला."

"मला नाही दिसलं," पंच म्हणाले.

"मला कळलं ना!"

नियमाप्रमाणे पांढरा चेंडू प्रतिस्पर्धी परागच्या हातात आला. हवा तिथे ठेवायचा आणि जिंकायचं. पण त्याने तो टेबलावर ठेवलाच नाही. मागच्या डावात त्याचीही बाही चेंडूला लागली होती, आणि तो गप्प बसला होता.

"बाई, मघाशी माझी बाही..."

"पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"आपला फाउल आपणच सांगायचा असतो, बाळा."

परागने पांढरा चेंडू दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.