कोरं पान

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या लेकीची वेबसाइट नटूनथटून तयार होती, फक्त 'माझ्याविषयी' हे पान कोरं होतं. "तूर्तास काहीतरी खरडून ठेव गं आई, अक्षरं कशी बसतात ते बघते," म्हणून ती अंघोळीला पळाली.

आईने लिहिलं, "पोरगी गुणी आहे. एक निळा रंग निवडायला चार दिवस घालवते, पण मग भिंतसुद्धा हसायला लागते. चिडली तर आधी खायला द्या."

अक्षरं झक्क बसली, आणि लेकीने घाईघाईत वेबसाइट तशीच आवडत्या स्टुडिओला नोकरीसाठी पाठवून दिली. तिकडून फोन आला, तेव्हा कुठे तिला आईचा मजकूर आठवला आणि तिने कपाळाला हात लावला.



"सोमवारपासून या," स्टुडिओच्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "आणि जरा आईंना फोन द्या. आमचं 'आमच्याविषयी' अजून कोरंच आहे."