परस्पर

ऋषीच्या लंडनच्या नोकरीचा व्हिसा कंपनीच्या हमीवर होता आणि त्याचे नियम सतत बदलत. प्रत्येक बदल समजून घ्यायला त्याचे वडील पुंजाराम कुंभार पिंपळगावहून जालन्याला, व्हिसा सल्लागार निखिलकडे येत. मग तिथूनच ऋषीला फोन लावून तो बदल सावकाश समजावून सांगत.

या वेळी निखिल आपुलकीने म्हणाला, “काका, नव्या नियमाचं मी ऋषीला परस्पर कळवलं. यापुढे तुमची खेप वाचली.”

पुंजारामांनी हातातला फोन खिशात ठेवला.

“बरं केलं, साहेब. पण मंग आता मी त्याच्याशी काय बोलू? नियम बदलला म्हणलं, तर सगळं ऐकून घेतो. तब्येतीचं इचारलं, की मीटिंगमधी असतो.”