खिडकीतली खुर्ची

प्रत्येक कलेला आधी आसन लागतं, असं हिरुतचं ठाम मत होतं. हे मत तिला पंधरा मिनिटांपूर्वी झेरिहुनने दिलं होतं, आणि झेरिहुनचं मेर्कातोच्या बाजारात खुर्च्यांचं दुकान होतं.

शहराच्या बोले भागात तिचा टॅटू स्टुडिओ सोमवारी उघडणार होता. एक खुर्ची गोंदून घेणाऱ्याला, एक बाक वाट बघणाऱ्यांना आणि एक खुर्ची आईला, एवढं घ्यायचं होतं. आई, म्हणजे अब्रेहेत, सोबतच आली होती. आपल्यालाही खुर्ची मिळणार आहे हे तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

पहिली खुर्ची दाताच्या दवाखान्यातली होती. दवाखाना बंद पडला होता, खुर्ची धडधाकट होती.

"थुंकायचं भांडं काढून देतो," झेरिहुन म्हणाला.

"राहू दे की," अब्रेहेत म्हणाली. "लागेल."

"आजी विनोदी आहेत."

"आजी असेल तुझ्या घरी."

झेरिहुनने पायाने कळ दाबली. खुर्ची आडवी झाली. "सहा तास पडून राहा, पाठीला पत्ता लागणार नाही."

"आणि मधेच उठावंसं वाटलं तर?"

"उठायचं. इथे पाय ठेवला की झाली उभी."

"उठू देतात?"

"अहो, पैसे देऊन आलेली बाई! तिला धरून कोण ठेवणार?"

अब्रेहेतने रेक्झिनवरून हात फिरवला. "आमच्या वेळी खुर्ची नव्हती. दोन आत्या होत्या. एक पायांवर बसली, एक पोटावर."

झेरिहुन मनापासून हसला. हिरुतने बाकांची चौकशी सुरू केली. बाक पाच मिनिटांत ठरला. वाट बघणाऱ्यांच्या पाठीची कुणी फारशी काळजी करत नाही.

मग ती एका उंच पाठीच्या, लाल मखमलीच्या खुर्चीपुढे थांबली. अशा खुर्चीत सहसा बिशप बसतात, नाहीतर लग्नातले नवरानवरी.

"आई, बस बरं जरा."

अब्रेहेत काठावर टेकली. "पाय पोचत नाहीत माझे."

"पाय दिसणार नाहीत. ही खिडकीत ठेवायची. तू बसायचं."

"मी? आणि काय करायचं?"

"काही नाही. कॉफी प्यायची. आणि हे जरा..." हिरुतने बोटाने दाखवलं, "खाली."

हे म्हणजे अंगाभोवती घ्यायच्या पांढऱ्या सुती नेतेलाचा पदर. तो अब्रेहेतच्या हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला असे. स्वयंपाक करताना, कपडे धुताना, तापातसुद्धा. त्याखाली गळाभर निळ्या-काळ्या गोंदणाचे वेढे होते. स्टुडिओच्या पाटीवर तीच नक्षी होती. हिरुतने ती आई झोपलेली असताना उतरवून घेतली होती.

"शाळेत न्यायला यायचे तेव्हा म्हणायचीस, आई, वर घे, पोरी हसतात."

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"आणि आता खाली घे."

"आता लोक हेच शोधत येतात, आई. अस्सल. तुझ्यासारखा गळा अख्ख्या बोलेत नाही."

"आहेत. झाकलेले आहेत."

हिरुतने ते ऐकलं नाही. ती मागे सरकून मोबाइलमध्ये खुर्ची कशी दिसते ते बघत होती. मग पुढे आली आणि तिनेच पदर सोडवला, आईच्या खांद्यावर नीट पसरून ठेवला. आई हलली नाही. समोर विक्रीचे चार आरसे होते. चारही आरशांत गळा उघडा.

"वा!" झेरिहुन म्हणाला. "खुर्ची उठून दिसते."

दुकानाच्या मागच्या बाजूला झेरिहुनची बहीण बेलाइनेश गाद्यांच्या खोळी शिवत होती. पत्र्याखाली एवढं उकडत असूनही तिने बंद गळ्याचा स्वेटर घातला होता. मशीन थांबलं. ती उठून आली, भावाकडे पाठ केली आणि दोन बोटांनी गळपट्टी खाली ओढली. तेच वेढे.

"तुमच्याकडे हे काढून देतात का?" तिने हळूच विचारलं.

"आम्ही काढत नाही," हिरुत म्हणाली. "करतो."

"अस्सं."

गळपट्टी वर गेली. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.

अब्रेहेत अजून आरशात बघत होती.

"आई, जमेल ना? शनिवार-रविवारच. तुला काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं."

"आत्याही हेच म्हणाल्या होत्या," अब्रेहेत म्हणाली. ती खुर्चीतून उतरली, पदर हनुवटीपर्यंत गुंडाळला आणि मिनीबसच्या थांब्याकडे चालू लागली. हिरुतने दोनदा हाक मारली. मग हिरुत झेरिहुनकडे वळली आणि तिन्ही बैठका घेते म्हणाली.

लाल खुर्ची आता स्टुडिओच्या खिडकीत आहे. तिच्यावर दागिन्यांच्या दुकानात असते तशी प्लास्टिकची मान बसवली आहे, निळे-काळे वेढे रंगवलेली. येणारे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ती नक्षी मात्र अजून कुणी गोंदून घेतलेली नाही. बहुतेकांना फुलपाखरू हवं असतं.