केदारच्या वाटेवरचं जातं

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मोहोळची सोजरबाई केदारच्या वाटेला लागली, ती सासू मेल्यावरच. सासू जिवंत असेपर्यंत तिला एकच उत्तर मिळायचं, "तू गेलीस तर दळायचं कुनी?"

बर्फानं खरवडून काढलेल्या त्या दरीत, देवदारांच्या सावलीत, भर दुपारी तिला जात्याची घरघर ऐकू आली. दर फेऱ्याला एकदा खुट. तिच्या घरच्या जात्याचा एका जागी टवका उडाला होता. ते अस्संच वाजायचं.

"मानसिंगा, ऐकू येतंय का रं?"

"न्हाय, आक्का. वारा असंल की," म्हणत सोबतीला आलेला भाऊ पुढच्या वळणाआड गेला.

वाटेत एक गुळगुळीत काळा खडक होता. त्यावर ज्वारीच्या पिठाचं कडं पडलं होतं. तिनं बोट लावलं. पीठ कोमट होतं.

"जल्मभर दळलं, आत्याबाई! आता न्हाय दळायची. तुजं तू दळ!" जन्मात पहिल्यांदाच ती सासूशी एकेरीवर आली. अन्नाला पाय लावू नये, हे ठाऊक असूनही तिनं त्या पिठावर पाय दिला आणि पुढं निघाली.

मागं घरघर सुरू झाली. ती थांबली, तशी घरघरही थांबली. तिनं एक पाऊल टाकलं. एक फेरा, एक खुट.

सोजरबाईनं पदर खोचला आणि मुद्दाम ताडताड चालायला लागली.

"हां, आता कसं!" मागून सासूचा समाधानी आवाज आला. "अशीच दळत ऱ्हा की."