टोरंटो ते अमरावती

"पोरीले काही विचाराचं असन तं विचारू द्या," पंजाबराव मोठ्या मनानं म्हणाले. मुलाचे मामा ते. अमरावतीतल्या अमरावतीत मुलगी पाहायला आलेल्यांचे म्होरके. मुलगा अमोल सहा वर्षांपासून टोरंटोत, म्हणून तो पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून पाहत होता.

हे फक्त म्हणायचं असतं, मुलीनं विचारायचं नसतं. दामिनीनं सरळ मोबाइलकडे तोंड केलं.

"तिथून इथं याले किती वेळ लागते?"

अमोल खुलला. त्याला सगळं तोंडपाठ होतं. टोरंटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. पुढे नागपूर पावणेदोन तास. मग गाडीनं तिवस्यावरून अमरावती, तीन तास. "मधली थांबाथांब धरून बावीस तास. आज निघालं की उद्या घरी!"

"पाहा, काहीच नाई!" सूर्यभान म्हणाले. दामिनीचे वडील. बायको गेल्यापासून घरात ते आणि ही एकुलती एक पोर, दोघंच. तरी हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आठ दिवस त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

"अन् सहा वर्षांत तुमी कितीदा आले?" दामिनीनं विचारलं.

"मले इथं याचंच होतं. पयले कोविड, मंग तिथं कायम राहाची, पीआरची फाइल, मंग तिथलं घर..."

"दामिनी, पुरे," सूर्यभान म्हणाले.

"पुरे कावून, बाबा? उद्या तुमाले काही झालं अन् मले येता नाई आलं, तं ते बावीस तास घेऊन काय करू मी?" तिची मान खाली गेली नाही.

पंजाबराव उठले. "जाब विचारनारी पोरगी नाई लागत आमाले. चाल वच्छला, झालं पाहून."

वच्छलाबाई म्हणजे अमोलची आई. त्या उठल्याच नाहीत.

"एकदाबी नाई आला," त्यांनी दामिनीला सांगितलं. "याचे बाबा गेले तवाबी बावीसच तास होते. पुतण्यानं अग्नी देल्ला."

"आई, हे सगळ्याईसमोर कावून काढतं?" मोबाइलमधून आवाज आला.

त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. हळदीकुंकवाच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि दामिनीच्या कपाळाला लावलं. विधवेनं हे करायचं नसतं, असं त्या खोलीत प्रत्येकजण मानत होता. आजपर्यंत त्याही मानत होत्या.

मग त्यांनी भावाकडे मान वळवली.

"दादा, पोरगी मले पसंत हाये," त्या म्हणाल्या. "पोरगा नाई."