सून रसावर हाय

शालूने मिक्सर बंद केला आणि झाकण उघडून पाहिलं. दुधी, काकडी, पुदिना, वरून अर्धं लिंबू. तिसऱ्या दिवसाचं दुपारचं जेवण. रात्री गाजराचा एक ग्लास गेला की संपलं. तीन दिवस दाताखाली काही धरायचं नाही, शिजवलेलं नाही, साखर नाही, नुसता ज्यूस, असं मोबाइलवरच्या बाईने सांगितलं होतं. घरात आमरसाचं पातेलं भरलेलं असेल तर काय करायचं, ते मात्र तिने सांगितलं नव्हतं.

राजापेठेतल्या या घरात आज रसाचं जेवण होतं. नणंद चंदा आणि जावईबापू अकोल्याहून आले होते. आंब्याच्या दिवसांत लेक-जावयाला रसाला बोलावलं नाही, तर लोक विचारतात, काय हो, बोलणं बंद आहे का? पोळ्यांची चवड लागली होती, कुरडया तळून झाल्या होत्या. आंब्याचा वास असा सुटला होता की शालूच्या पोटातून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज निघाला.

"मले वाटलं गल्लीत ट्रक आला," पाटावरून तिचा नवरा शेखर म्हणाला. "संध्याकाळी कोय चोखतानी सापडन हे, पाह्यजा."

शालूने हिरवा ज्यूस ग्लासात ओतून घेतला. हे एवढं एक तिला पार पाडायचं होतं, आणि ते काही वजनासाठी नव्हे. या घरात आधी पुरुष आणि पाहुणे जेवत, मग सासूबाई, शेवटी ती. तिच्या ताटात येई ते उरलेलं. सकाळची पोळी, कालची भाजी, रसाच्या दिवशी पिळलेल्या कोया. 'मी ज्यूसवर आहे' म्हटल्यापासून तिला कोणी उरलंसुरलं वाढू शकलं नव्हतं. फ्रिजमध्ये वाट्यांची गर्दी झाली होती आणि काल रात्री शिळी भाकर सासूबाईंना, म्हणजे मैनाबाईंना, स्वतः खावी लागली होती. हे तीन दिवस नीट गेले तर चौथ्या दिवशीही नाही म्हणता येईल, असं शालूला वाटत होतं. मोडले, तर फ्रिज जन्मभर तिचाच.

मैनाबाईंनाही ते कळत होतं. म्हणून तर रस वाढता वाढता त्यांनी कालच्या बेसनाची वाटी ओट्यावरून तिच्याकडे सरकवली.

"शालू, येवढं संपव व. अन्नाचा अपमान होते."

"नाही आई. आज ज्यूसच घेतो मी."

तोंडातून 'नाही' निघालं होतं.

"ज्यूस, ज्यूस! साऱ्या गल्लीले सांगतलं म्या, आमची सून रसावर हाय म्हनून. हासतेत लोकं."

शालूचे सासरे किसनराव नुकतेच हातपाय धुऊन ताटावर बसले होते. आठवडाभर ते दर्यापूरकडे शेतात होते, सकाळच्या एस्टीने आले ते बांधावरच्या आंब्यांची पाटी घेऊनच. शालूच्या हातातला हिरवा ग्लास पाहून त्यांचा हात थांबला.

"हे काय पेऊन राह्यली व तू?"

"बाबा, तिचं ते हाय ना," चंदा हसत म्हणाली. "रसावर हाय ते."

"थेच तं मी म्हनून राह्यलो! आपल्या गल्लीतला देवमन काल दर्यापूरच्या नाक्यावर भेटला, त्यानं सांगतलं, तुमची सून रसावर हाय. मले वाटलं, लग्न होऊन आल्यापासून पोरीनं पह्यल्यांदा तोंडानं काही मांगतलं. धुऱ्यावरच्या झाडाचे आंबे मांडीवर घेऊन आलो मी. अन् तुमी तिले दुधीचं पानी पाजून राह्यले?"

"अहो बाबा, तो रस नाही," शेखर म्हणाला. "ज्यूस, ज्यूस!"

"मंग ज्यूस मंजे काय असते?"

शेखरने चंदाकडे पाहिलं. चंदाने नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापू कुरडई मोडण्यात गुंग झाले.

किसनरावांनी आपल्या ताटातली भरली वाटी उचलून शेजारच्या रिकाम्या पाटासमोर ठेवली.

"बस इथं. पह्यली वाटी तुई."

शालू उभीच राहिली. दाताखाली धरायचं नाही. शिजवलेलं नाही. साखर? धुऱ्यावरच्या आंब्यात साखर घातलेली किसनरावांना खपत नसे. तिने पुन्हा एकदा सगळं मनात घोळवून पाहिलं आणि हिरवा ग्लास ओट्यावर ठेवला. मग ती पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत, पाटावर बसली.

गावरान आंब्याचा पातळ रस. तिने दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली. या घरात रसाची चव म्हणजे कोयीची चव, अशीच तिला इतकी वर्षं माहीत होती. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि वाटी खाली आली ती रिकामी.

"पोळी देऊ?" मैनाबाई सवयीने विचारून गेल्या.

"पोळी चालत नाही आई," शालू म्हणाली. "मी रसावर हावो ना. रसच वाढा."

मैनाबाईंनी वाढला. ती वाटी संपली, तेव्हा पुन्हा वाढला. शेखरने आणखी मागितला तोवर पातेल्यात पळी खडखडायला लागली होती. त्याने परातीतली एक कोय उचलली आणि खाली मान घालून चोखू लागला.

शालू उठली. ओट्यावरचा हिरवा ग्लास आणून तिने त्याच्या ताटाजवळ ठेवला.

"हे उरलं. संपवा. अन्नाचा अपमान होते."

शेखर हसला. मग कोणीच हसत नाही असं पाहून त्याने आईकडे पाहिलं. मैनाबाईंनी एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा लेकाकडे.

"पे," त्या म्हणाल्या. "मुकाट्यानं."